मालकांचा रिसाला

१८१७ च्या मार्चमध्ये मँचेस्टरचे विणकर आणि सूतकताई कामगार पाठीवर घोंगडी बांधून आपले गाऱ्हाणे मांडायला लंडनच्या वाटेला लागले. मोर्चा वाटेतच मोडण्यात आला. परंतु शहरातला धनिकवर्ग हादरला. त्याच वर्षी त्याने स्वतःचे घोडदळ उभारले. त्याचे नाव मँचेस्टर अँड सॅल्फर्ड योमनरी. हे नियमित सैन्य नव्हते. यातले स्वार म्हणजे गिरणीमालक, व्यापारी, दुकानदार, गुत्तेवाले. सरकारने त्यांना तलवार दिली ती 'शांतता' राखण्यासाठी. ज्याच्याशी मजुरीवरून तंटा, त्याच्याच हाती शस्त्र, असा हा मामला होता.

१८१९ च्या जुलैत या तलवारींना धार लावून घेण्यात आली. १६ ऑगस्टला सेंट पीटर्स फील्डवर सुमारे साठ हजार माणसे जमली. मागणी मताधिकाराची. एवढ्या मोठ्या औद्योगिक शहराचा पार्लमेंटमध्ये एकही प्रतिनिधी नव्हता! लोक निःशस्त्र होते. सणाचे कपडे घालून, बायकामुलांसह आले होते. वक्ता हेन्री हंट याला पकडण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेटांनी काढला आणि योमनरीला पुढे घातले. आघाडीला कॅप्टन ह्यू बर्ली, जो स्वतः गिरणीमालक होता. मैदानाकडे येतानाच एका स्वाराच्या धडकेने विल्यम फिल्ड्स हे दोन वर्षांचे मूल आईच्या हातून पडून मेले. हंटला पकडल्यावर स्वार निशाणांवर आणि माणसांवर तलवारी चालवू लागले. पाठोपाठ नियमित सैन्याचे हुसार घुसले. सुमारे पंधरा-वीस मिनिटांत मैदान मोकळे झाले. मृत १५ ते १८, जखमी सहाशेहून अधिक. स्त्रियांवर विशेष रोख होता. जमावातल्या त्यांच्या प्रमाणाहून जखमींतले त्यांचे प्रमाण कितीतरी जास्त भरते.

आपल्यावर वार कोणी केला, हे काही जखमी नावानिशी सांगू शकत होते. मारणारे त्यांच्याच शहरातले होते.

पुढे न्यायाचे काय झाले? वॉटर्लूच्या रणात लढून परतलेला ओल्डहॅमचा जॉन लीस जखमांनी मेला. त्याच्या मृत्यूची चौकशी एका तांत्रिक मुद्द्यावर रद्दबातल ठरली. वॉटर्लूवरूनच लोकांनी या दिवसाला 'पीटर्लू' म्हटले. हंटला अडीच वर्षांची कैद झाली. राजप्रतिनिधीने मॅजिस्ट्रेटांचे आणि सैन्याचे आभार मानले. १८२२ साली रेडफोर्ड नावाच्या जखमीने बर्ली व त्याच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. ज्यूरीने निकाल बर्लीच्या बाजूने दिला. १८२४ मध्ये हा रिसाला मोडण्यात आला, तोवर त्यातल्या एकाही स्वाराला शिक्षा झाली नव्हती.

रिसाला गेला, पण त्याची भाषा टिकली. १९७२ साली त्या जागी लावलेल्या निळ्या पाटीवर एवढेच होते की येथे हंटने सभेपुढे भाषण केले आणि नंतर लष्कराने सभा पांगवली. मेलेल्यांचा उल्लेखच नाही. 'पांगवली' हा शब्द कोणाच्या सोयीचा, हे ओळखलेल्या नागरिकांनी पाठपुरावा केला. २००७ साली लाल पाटी लागली. तीत सशस्त्र घोडदळाचा हल्ला आणि पंधरा मृत्यू लिहिलेले आहेत. मृतांची नावे दगडात कोरलेले स्मारक उभे राहायला २०१९ उजाडावे लागले.