आठवड्यातून एकदा ट्रिम

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची जागा घरोघरच्या संगणकांत एसएसडीने, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हने, घेतली असली, तरी देखभालीविषयीच्या समजुती मात्र अजून हार्ड डिस्कच्या काळातल्याच आहेत. अधूनमधून डीफ्रॅगमेंट करावे, म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे सलग आणून ठेवावेत, आणि जोडीला ‘सफाई’ करणारे एखादे सॉफ्टवेअर बसवावे, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. डीफ्रॅगमेंट करण्याचा हेतू तबकडीवरून फिरणाऱ्या शीर्षाची धावपळ वाचवणे हा होता, आणि एसएसडीत असे शीर्षच नसल्यामुळे तिथे त्या खटाटोपातून पदरात पडते ती मुख्यतः झीज. एसएसडीला नियमितपणे लागणारी देखभाल खरे तर एकच आहे. तिचे नाव ट्रिम.

ट्रिमची गरज का पडते, हे कळण्यासाठी एसएसडीच्या अंतरंगात थोडे डोकवावे लागते. तिच्यातील नॅन्ड फ्लॅश ही स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये मांडली. या स्मृतीच्या सूक्ष्म पेशींमध्ये विद्युतभार साठवून माहिती ठेवली जाते, आणि अशा असंख्य पेशी मिळून साधारण 4 ते 16 किलोबाइटचे एक पेज, तर शेकडो पेज मिळून एक ब्लॉक तयार होतो. लिहिताना एकेक पेज लिहिता येते, पण एकदा लिहिलेल्या पेजवर पुन्हा लिहायचे झाले, तर आधी ते ज्या ब्लॉकमध्ये आहे तो अख्खा ब्लॉक पुसावा लागतो; जणू अशी पाटी, की जिच्यावरची एकच ओळ पुसण्याची सोय नाही. त्यातच प्रत्येक ब्लॉकला सोसवणाऱ्या पुसण्यांची संख्या मर्यादित असते, आणि घरगुती वापराच्या आजच्या एसएसडींमध्ये ती सर्वसाधारणपणे हजारांच्या घरात असते.

खरी अडचण पुढेच आहे. वापरकर्ता एखादी फाइल कायमची काढून टाकतो, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम केवळ आपल्या नोंदवहीत ती जागा मोकळी झाल्याचे लिहून ठेवते. एसएसडीच्या आतील कंट्रोलरला, म्हणजे माहिती कोणत्या पेशींत ठेवायची हे ठरवणाऱ्या चिपला, याचा पत्ताच नसतो. ब्लॉक पुसण्यापूर्वी त्यातील उपयोगी पेज उचलून दुसरीकडे लिहिण्याचे काम, ज्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात, तो कंट्रोलर रिकाम्या वेळात करतच असतो, पण उपयोगी काय आणि निरुपयोगी काय हे ठाऊक नसल्यामुळे केव्हाच टाकून दिलेल्या फाइलही तो इमानेइतबारे इकडून तिकडे हलवत राहतो. परिणामी वापरकर्त्याने लिहिले त्यापेक्षा कितीतरी जास्त लेखन पेशींवर होते (याला राइट अ‍ॅम्प्लिफिकेशन असे नाव आहे), झीज वाढते, आणि भरत आलेली एसएसडी नव्या फाइल लिहिताना मंदावते. कोणत्या जागा आता निरुपयोगी झाल्या आहेत, हे ऑपरेटिंग सिस्टीमने एसएसडीला कळवण्याची आज्ञा म्हणजे ट्रिम. विंडोज 7 मध्ये ती 2009 साली आली.

ही आज्ञा फाइल काढताक्षणी पाठवावी की साठवून ठराविक वेळी एकदम पाठवावी, हा खरा नियोजनाचा प्रश्न आहे. विंडोज दोन्ही करते: फाइल काढली की लगेच कळवते, आणि कामाच्या गर्दीत त्यातल्या काही सूचना गळू शकतात म्हणून ठराविक मुदतीने साऱ्या मोकळ्या जागेची यादी पुन्हा पाठवते. लिनक्समध्ये मात्र दुसऱ्या मार्गालाच पसंती आहे, कारण प्रत्येक फाइलमागे आज्ञा पाठवल्यास काही एसएसडी कामाच्या मध्येच अडखळतात. तेथे हे काम एफएसट्रिम ही आज्ञा करते, आणि तिच्या माहितीपुस्तिकेतच बहुतेक घरगुती संगणकांना आणि सर्व्हरनाही आठवड्यातून एकदा ट्रिम पुरेसे असल्याचे म्हटले आहे. वारंवार केल्यास हलक्या प्रतीच्या एसएसडीचे आयुष्य उलट घटू शकते, असा इशाराही तिथेच आहे. रोज किंवा तासातासाला ट्रिम लावणाऱ्या हौशी मंडळींनी तो अवश्य वाचावा.

उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्स प्रणालींत ‘एफएसट्रिम डॉट टायमर’ हे वेळापत्रक आता मुळातच चालू असते. त्याची वेळ सोमवार लागताच, म्हणजे रविवारच्या मध्यरात्री, येते. अनेक यंत्रांवर एकाच क्षणी भार पडू नये म्हणून त्यात शंभर मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब मिसळलेला असतो, आणि त्या वेळी संगणक बंद असेल, तर राहून गेलेले काम पुढे तो सुरू झाल्यावर उरकले जाते. घरचा संगणक मध्यरात्री बहुधा बंदच असतो, त्यामुळे ही शेवटची तरतूदच सर्वांत मोलाची. एफएसट्रिम ही आज्ञा तपशील दाखवण्याच्या पर्यायासह हाताने चालवून पाहिल्यास किती गिगाबाइट जागा ट्रिम झाली तो आकडा पडद्यावर उमटतो, आणि लगेच पुन्हा चालवल्यास तो शून्याजवळ येतो. यंत्र बंद करून चालू केल्यावर मात्र पुन्हा जवळजवळ सगळी मोकळी जागा मोजली जाते, कारण कोणता भाग आधीच कळवला आहे याची ईएक्सटी4 या फाइल व्यवस्थेने ठेवलेली आठवण तेवढ्यापुरतीच असते. हा बिघाड नव्हे.

विंडोजमध्ये ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ या खिडकीत ड्राइव्हच्या नावापुढे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे लिहिलेले आहे ना, आणि आठवड्याचे वेळापत्रक चालू आहे ना, एवढेच पाहावे. ते पाहणे अगदीच निरर्थक नाही. विंडोज 10 च्या 2020 मधील एका आवृत्तीत शेवटची देखभाल कधी झाली हेच प्रणाली विसरत असे, आणि ती चूक मायक्रोसॉफ्टला नंतर दुरुस्त करावी लागली. यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या एसएसडीची गोष्ट वेगळी: तिच्या डबीतील चिप ट्रिमची आज्ञा पुढे पोहोचवत नसेल, तर वेळापत्रक कितीही चोख असले तरी काही होत नाही.

ट्रिमची एक किंमतही आहे. हार्ड डिस्कवरून चुकून काढलेली छायाचित्रे विशेष सॉफ्टवेअरने अनेकदा परत मिळवता येतात; ट्रिम झालेल्या एसएसडीवर ती आशा जवळजवळ संपते, कारण ती जागा पुसायला कंट्रोलर मोकळा झालेला असतो. म्हणून ज्यांच्या संगणकात आठवडी ट्रिम चालू आहे, त्यांनी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवण्याचे वेळापत्रकही आजच लावून घ्यावे.