सिमेंटचे पत्रे उतरविताना

उन्हाळ्याची सुटी लागली की गावोगावच्या शाळा, समाजमंदिरे, गोदामे यांच्या छपरांची कामे निघतात. पावसापूर्वी काम उरकण्याच्या घाईत मजूर हातोड्याने जुने पत्रे फोडतात आणि तुकडे खाली फेकतात. जूनमध्ये शाळा भरते तेव्हा छप्पर नवे असते. पण जुने तुकडे पटांगणाच्या कडेला पडलेले असतात व मुले त्यांच्याशी खेळत असतात. आपण ज्यांना ‘सिमेंटचे पत्रे’ म्हणतो, त्यांपैकी पुष्कळसे ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे असतात. हे ध्यानात घेतले म्हणजे या घाईची किंमत कळून येईल.

धोका कशात आहे?

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. ते जळत नाही, कुजत नाही आणि सिमेंटला बळकटी देते. म्हणूनच त्याचा प्रसार झाला. पत्रा धड असेल तोवर त्यातील तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. पत्रा फोडला, करवतीने कापला, घासला किंवा यंत्राने भोके पाडली म्हणजे ते मोकळे होतात. डोळ्यांना न दिसणारे हे तंतू हवेत तासन्‌तास तरंगतात व श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे त्यातून उद्भवणारे रोग बहुधा वीस ते चाळीस वर्षांनी प्रकट होतात. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस कर्करोगास कारणीभूत ठरते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्वाळा आहे. पत्र्यांत वापरले जाणारे पांढरे ॲस्बेस्टॉसही त्यास अपवाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणी निर्णय देताना कामगारांचे आरोग्य हा त्यांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

काढणे नेहमीच आवश्यक नाही

धड व घट्ट बसलेला पत्रा केवळ भीतीपोटी काढू नये. तो तसाच ठेवून दरवर्षी पाहणी करावी व नोंद ठेवावी. शेवाळ काढण्यासाठी तारेचा ब्रश वा पाण्याचा जोरदार फवारा वापरू नये. तडकलेले, कडा झडलेले व भुसभुशीत झालेले पत्रे मात्र काढले पाहिजेत. पत्रा कशाचा आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत तपासणी झालेली नसल्यास तो ॲस्बेस्टॉसचाच आहे असे समजून चालावे.

उतरविण्याची रीत

सर्व दक्षतेचे सार एकच : पत्रा ओला ठेवावा आणि अखंड उतरवावा.

१. काम सुटीतच करावे. आसपास दोरी बांधून मुलांना व गुरांना दूर ठेवावे. पाण्याच्या टाक्या झाकाव्यात, बाके व पुस्तके आधीच हलवावीत.

२. जुना पत्रा माणसाच्या भाराने अचानक मोडतो व मजूर खाली कोसळतो. त्यावर थेट पाय देऊ नये. पहाड बांधून शक्य तेथे खालून काम करावे. वर जावे लागल्यास आधाराच्या फळ्या व सुरक्षा पट्टा वापरावा.

३. थोडा साबण मिसळलेले पाणी हलक्या फवाऱ्याने पत्र्यावर मारावे व काम संपेपर्यंत तो ओला ठेवावा.

४. आकडे व नटबोल्ट पान्याने सैल करावेत. गंजलेले बोल्ट कातरावेत. पत्र्यावर घाव घालू नये, यंत्रकरवत चालवू नये.

५. पत्रा हातोहात वा दोराने खाली घ्यावा, फेकू नये.

६. तोंडावर बांधलेला रुमाल हे तंतू अडवीत नाही. एफएफपी-३ दर्जाचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे. दाढी वाढलेली असल्यास तो नीट बसत नाही. अंग झाकणारा पोशाख घालावा व तो घरी नेऊ नये, कारण कपड्यांबरोबर तंतूही घरी जातात. काम संपताच स्नान करावे.

७. जमीन कोरड्या झाडूने झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी व फडकी कचऱ्याबरोबरच बांधावीत.

नळांवरील आवरणे अथवा भिंतींवर फवारलेला थर यांतील ॲस्बेस्टॉस फार सहज सुटते. ते काम वरील रीतीने करू नये, तज्ज्ञांकडेच सोपवावे.

तुकड्यांचे काय करावे?

पत्रे व तुकडे जाड प्लॅस्टिकच्या दुहेरी आवरणात बांधून त्यांवर ‘ॲस्बेस्टॉस – उघडू नये’ असे ठळक लिहावे. ते रस्त्याच्या भरावात, विहिरीत वा नदीकाठी टाकू नयेत. गोठ्यासाठी कोणास देऊही नयेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे विल्हेवाटीविषयी आधीच लेखी विचारणा करावी. तळोजा, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्यासाठी सामाईक केंद्रे आहेत. विल्हेवाटीबाबत भारतीय मानक ११७६८ मार्गदर्शक आहे.

पंचायतीची जबाबदारी

ही दक्षता मजुराच्या मर्जीवर सोडून भागणार नाही. मुखवटे, प्लॅस्टिक व वाहतूक यांचा खर्च अंदाजपत्रकातच धरला पाहिजे आणि पत्रे न फोडता उतरविण्याची अट निविदेत घातली पाहिजे. मुख्याध्यापकांनी पटांगण स्वच्छ झाल्याची खात्री करावी व त्यानंतरच कंत्राटदाराचे देयक मंजूर व्हावे. आजच्या घाईचे फळ आजची मुले चाळीस वर्षांनी भोगतील. त्या वेळी दोष कोणाचा हे सांगण्यास कोणी उरणार नाही. म्हणूनच ही काळजी छपरावर शिडी लावण्यापूर्वी घ्यावयाची आहे.