शहरालगतचे गाव निवडताना

मोठ्या शहरात पोट भरते, पण जीव रमत नाही. मग जवळचे एखादे लहान गाव मनात भरू लागते. ते पारखावे कसे, हे इंदूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या देवासकडे पाहिल्यास उमगते.

आग्रा-मुंबई रस्ता देवासवरून जातो आणि इंदूर-उज्जैन लोहमार्गही. पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातींच्या राज्यांमुळे मराठी येथे जुनीच आहे. हवा कोरडी. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली या हवेसाठीच येथे आले. रुग्णशय्येवर कानी पडलेल्या माळवी लोकगीतांनी त्यांच्या गायनाला नवी वाट दाखविली. पुढे ते बरे झाले, तरी १९९२ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी देवास सोडले नाही.

परंतु याच गावात कारखाने वाढले, वस्ती वाढली, कूपनलिका खोल खोल गेल्या. १९९० च्या सुमारास त्याची तहान भागविण्यासाठी रेल्वेने पाणी आणावे लागले. २००६ पासून जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली, तेव्हा कोठे रानाला ओल आली.

म्हणून गाव पाहावयास मार्गशीर्षात जाऊ नये, वैशाखात जावे. नळ किती दिवसांआड येतो, शेजारची विहीर केव्हा आटते, हे विचारावे. शहराचे अंतर नकाशावर न मोजता ऐन कामाच्या वेळी जाऊन-येऊन मोजावे. अपरात्री वैद्यकीय मदत कोठे मिळेल, तेही पाहून ठेवावे. शांततेच्या ओढीने येणारा प्रत्येक जण त्या गावच्या पाण्यात एक वाटेकरी वाढवीत असतो; गावाला तो वाटा पेलेल काय, हा प्रश्न घराच्या भाड्याआधी विचारावयाचा आहे.