यंत्रनिर्मित मजकुराचा संदर्भनिर्देश आणि शोधक प्रणालींचा प्रतिसाद

१. प्रास्ताविक

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकी संस्थेने चॅटजीपीटी ही संवादप्रणाली सर्वांसाठी खुली केली. त्यानंतर अल्पावधीतच विद्यापीठीय लेखनव्यवहारात दोन प्रश्न उभे राहिले. यंत्राने तयार केलेला मजकूर विद्यार्थ्याने निबंधात किंवा प्रबंधिकेत वापरला, तर त्याचा निर्देश कसा करावा, हा पहिला प्रश्न. असा मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या संगणकप्रणाली त्या निर्देशाची दखल कशी घेतात, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला शैलीपुस्तिकांनी उत्तरे दिली आहेत. दुसऱ्याचे उत्तर मात्र विद्यार्थ्याला बहुधा निकाल हाती पडल्यावरच कळते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, शोधक प्रणाली संदर्भ वाचत नाहीत. त्या केवळ भाषेची ठेवण मोजतात. उघडपणे निर्देश करणारा आणि लपवणारा यांतील भेद त्यांना कळत नाही. तो भेद अध्यापकालाच करावा लागतो.

२. निर्देशाचे स्वरूप

संदर्भनिर्देशाची दोन प्रयोजने असतात: मूळ लेखकाला श्रेय देणे आणि वाचकाला मूळ आधारापर्यंत पोहोचवणे. यंत्रनिर्मित मजकुराच्या बाबतीत दोन्ही अडखळतात. येथे जबाबदारी घेणारा लेखक नाही आणि तीच सूचना पुन्हा दिली तरी तेच उत्तर मिळेल याची शाश्वती नाही.

ही अडचण निरनिराळ्या पद्धतींनी निरनिराळ्या रीतीने सोडवली. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने मार्च २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात यंत्राला लेखक मानू नये, नोंदीच्या शीर्षकस्थानी विद्यार्थ्याने दिलेली सूचना द्यावी आणि पुढे प्रणालीचे नाव, आवृत्ती, निर्माती संस्था व दिनांक नोंदवावा, असे सुचवले. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने एप्रिल २०२३ मध्ये निर्मात्या संस्थेलाच लेखकस्थानी ठेवले आणि संपूर्ण उत्तर परिशिष्टात देण्याचा पर्याय सुचवला. शिकागो पद्धतीने अशी नोंद मुख्यतः तळटीपेत ठेवली. प्रकाशननीतीसंबंधी काम करणाऱ्या ‘कोप’ या आंतरराष्ट्रीय समितीनेही फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, ज्याला जबाबदारी घेता येत नाही त्याला लेखक म्हणता येत नाही.

मराठीतील निबंधासाठी पुढील स्वरूपाची तळटीप पुरेशी ठरावी: “‘ज्ञानेश्वरीतील दृष्टान्तांचे वर्गीकरण करा’ या सूचनेला चॅटजीपीटी (ओपनएआय) या प्रणालीने १२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेले उत्तर, संपूर्ण उत्तर परिशिष्ट १ मध्ये.” परिशिष्ट येथे महत्त्वाचे आहे, कारण मूळ आधार अन्यत्र उपलब्ध नसल्याने तो विद्यार्थ्यानेच जतन करावा लागतो.

वापराचे प्रकारही वेगळे ओळखले पाहिजेत. यंत्राचे शब्द जसेच्या तसे घेतले, तर अवतरणचिन्ह व तळटीप दोन्ही हवीत. मांडणी किंवा वर्गीकरण घेतले, तर अवतरणचिन्ह नको, पण तळटीप हवी. भाषाशुद्धी किंवा अनुवादासाठी साहाय्य घेतले, तर प्रास्ताविकात तसा उल्लेख करावा. यंत्राने एखाद्या ग्रंथाचे नाव सुचवले असेल, तर तो ग्रंथ प्रत्यक्ष पाहून त्याचाच संदर्भ द्यावा. हा शेवटचा नियम सर्वांत कठोरपणे पाळला पाहिजे, कारण अस्तित्वात नसलेली पुस्तके व लेख ही यंत्रे सहजतेने निर्माण करतात. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ मध्ये ‘माता विरुद्ध एव्हियांका’ या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले सहा काल्पनिक निवाडे आधार म्हणून सादर केले. त्याबद्दल न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला.

३. दोन भिन्न तपासण्या

आपल्या विद्यापीठांना परिचित असलेली तपासणी साधर्म्याची आहे. २०१९ पासून इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधशुद्धी’ उपक्रमाद्वारे ती अनेक विद्यापीठांत पोहोचली. तीत विद्यार्थ्याचा मजकूर साठवलेल्या ग्रंथ-लेखांशी ताडून पाहिला जातो आणि जेथे जुळणी आढळते तेथे मूळ स्रोत दाखवला जातो. अध्यापक दोन्ही मजकूर शेजारी ठेवून निर्णय करू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्यविषयक २०१८ चे विनियम याच तपासणीवर आधारलेले आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांच्या पुढे अशा चढत्या पायऱ्या आहेत. महत्त्वाचे म्हणजे, रीतसर निर्देश केलेली अवतरणे व संदर्भसूची या गणनेतून वगळली जातात. अर्थात, येथे निर्देशाला तांत्रिक मूल्य आहे.

यंत्रनिर्मित मजकूर ओळखणारी तपासणी मुळातच वेगळी आहे. भाषेची प्रारूपे प्रत्येक टप्प्यावर पुढे कोणता शब्द किंवा शब्दांश येण्याची शक्यता किती, याचे गणित करून वाक्य घडवतात. ‘मृगाचा पाऊस पडला आणि शेतकरी’ या शब्दांनंतर ‘पेरणीला लागले’ हे अपेक्षित आहे. ‘पंढरीस निघाले’ हे कमी अपेक्षित, तर ‘गप्प झाले’ हे अनपेक्षित. शोधक प्रणाली हेच गणित उलट्या दिशेने करते. मजकुरातील शब्द किती अपेक्षित आहेत आणि वाक्यांच्या ठेवणीत चढउतार किती आहे, हे ती पाहते, किंवा मानवी व यंत्रनिर्मित मजकुरांच्या असंख्य नमुन्यांवरून असे भेद शिकलेली असते. सपाट, सम व अपेक्षित लेखन तिला यंत्राचे वाटते. जे जगात पुष्कळ वेळा छापले गेले आहे तेही यंत्राला अपेक्षितच असते. म्हणूनच २०२३ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेचा मजकूर अशा एका प्रणालीने यंत्रलिखित ठरवल्याची उदाहरणे पुढे आली.

या तपासणीत शेजारी ठेवण्यासाठी मूळ मजकूर नसतो. हाती येते ती केवळ एक संभाव्यता, आणि ती टक्केवारीच्या रूपात दिसत असल्याने साधर्म्याच्या टक्केवारीसारखीच भासते. हा भास दूर करणे ही पहिली गरज आहे.

४. निर्देशित मजकुराचे काय होते

टर्निटिन या कंपनीने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या प्रणालीत यंत्रलेखन ओळखण्याची सोय जोडली. तिचा अंक साधर्म्याच्या अंकापासून स्वतंत्र असतो; साधर्म्याच्या अहवालातून अवतरणे वगळली, तरी त्यामुळे यंत्रलेखनाचा अंक बदलत नाही. समजा, २,००० शब्दांच्या निबंधात विद्यार्थ्याने यंत्राचे ५०० शब्द परीक्षणासाठी घेतले, अवतरणचिन्हात ठेवले, तळटीप दिली आणि त्यांतील चुका दाखवल्या. प्रणालीने आपले काम अचूक केले, तर तिचा अंक २५ टक्क्यांच्या आसपास येईल. तेवढेच शब्द गुपचूप घेणाऱ्या विद्यार्थ्याचा अंकही तोच येईल.

याहून सूक्ष्म अडचण आणखी एक आहे. २०२३ मध्ये टर्निटिनने स्वतः प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार, वाक्याच्या पातळीवर मानवी वाक्य चुकून यंत्राचे ठरण्याचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते आणि अशा चुकीच्या वाक्यांपैकी ५४ टक्के वाक्ये खरोखरीच्या यंत्रनिर्मित मजकुराला लागून होती. प्रणाली सलग परिच्छेदखंड पाहत असल्याने शेजारच्या वाक्यांना हा संसर्ग होतो. याचा अर्थ असा की, जो विद्यार्थी यंत्राचे अवतरण देऊन त्यालगत स्वतःचे भाष्य करतो, त्याचे ते भाष्यच संशयाच्या छायेत येण्याचा संभव अधिक. चिकित्सक लेखनाची जी उत्तम रीत आपण शिकवतो, तीच येथे जोखमीची ठरते.

या प्रणालींच्या निर्मात्यांनाही मर्यादा ठाऊक आहेत. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःची शोधक प्रणाली उपलब्ध केली होती. तिच्या चाचणीत यंत्रनिर्मित मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखला गेला आणि ९ टक्के मानवी मजकूर यंत्राचा ठरला. अचूकता अपुरी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये ती मागे घेण्यात आली. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिनची ही सोय बंद केली. २०२२ मध्ये तेथे ७५,००० निबंध तपासले गेले होते. चुकीचे प्रमाण अवघे १ टक्का धरले, तरी सुमारे ७५० निबंधांवर खोटा ठपका आला असता, असा त्यांचा हिशेब होता.

५. परभाषेत लिहिणारा विद्यार्थी

महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांत मराठीचे किंवा तौलनिक साहित्याचे अध्ययन करणारे विद्यार्थी आपले निबंध अनेकदा इंग्रजीत लिहितात. त्यांच्या दृष्टीने स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ टोफेल निबंध त्यांनी सात शोधक प्रणालींना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरले. १८ निबंधांबाबत सातही प्रणालींचे एकमत झाले. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत मात्र त्याच प्रणाली जवळजवळ अचूक ठरल्या. कारण उघड आहे. परभाषेत लिहिणारा मर्यादित शब्दसंपत्ती व ठरावीक वाक्यरचना वापरतो आणि तीच प्रणालीला यंत्राची खूण वाटते. उपरोध असा की, तेच निबंध चॅटजीपीटीकडून शब्दसमृद्ध करून घेतल्यावर ठपक्याचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर उतरले.

मराठीतून लिहिणाऱ्याचीही यातून सुटका नाही. टर्निटिनची ही सोय आरंभी केवळ इंग्रजीसाठी होती. नंतर तीत स्पॅनिश व जपानी यांची भर पडली. इंग्रजीवर घडवलेले माप मराठीला लावणे अशास्त्रीय आहे. शिवाय आपले विद्यापीठीय गद्य ‘प्रस्तुत’, ‘या पार्श्वभूमीवर’, ‘असे म्हणता येईल’ अशा ठरावीक वळणांवर चालते. अपेक्षितता हाच गुन्हा मानला, तर संशयितांत प्राध्यापकांचीच संख्या मोठी भरेल.

६. अंतर्गत प्रमाणाची मर्यादा

शैलीवरून कर्ता ठरवण्याचा प्रश्न मराठी साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’ पत्रातून ‘भारद्वाज’ यांनी ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते हे दोन भिन्न ज्ञानदेव असल्याचे मत मांडले. भाषेतील अंतर हा त्या वादातील एक प्रमुख मुद्दा होता. त्यावर दिलेले उत्तरही प्रसिद्ध आहे: अभंग मुखपरंपरेने आले, गाताना त्यांची भाषा काळानुरूप पालटली, ग्रंथाची भाषा पोथीने बांधून ठेवली. म्हणजे भाषेतील भेद खरा असला, तरी त्यावरून कर्ता ठरत नाही. त्याची अन्य कारणे संभवतात.

या वादातून आपण शिकलो ते असे की, अंतर्गत प्रमाण शंका उपस्थित करते. निर्णयासाठी हस्तलिखिते, समकालीन उल्लेख, परंपरा अशी बहिर्गत प्रमाणे लागतात. शोधक प्रणालीपाशी अंतर्गत प्रमाणाखेरीज काहीही नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या कवीला आपण जो न्याय देतो, तो आपल्या वर्गातील विद्यार्थ्याला नाकारण्याचे कारण नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. २०१८ च्या विनियमांतील टक्केवारीच्या पायऱ्या साधर्म्यासाठी आहेत; यंत्रलेखनाचा अंक त्यांवर बसवणे योग्य नव्हे. निर्देशित अवतरणे व परिशिष्ट बाजूला काढून उरलेल्या मजकुराचाच विचार व्हावा. शंका आल्यास बहिर्गत प्रमाण मागावे: कच्चे खर्डे, टिपणे, वापरलेल्या ग्रंथांची पृष्ठे आणि सर्वांत साधे म्हणजे विद्यार्थ्याशी त्याच्याच निबंधावर पंधरा मिनिटांचे संभाषण. ‘हे तू लिहिलेस का’ असे चॅटजीपीटीलाच विचारणे हे प्रमाण नव्हे. २०२३ मध्ये टेक्सासमधील एका अध्यापकाने तसे केले आणि यंत्राच्या बेभरवशाच्या होकारावरून अनेक विद्यार्थ्यांचे निकाल रोखले गेले.

यंत्राचा उल्लेख केल्याने अंक वाढतो आणि अंक वाढल्याने शिक्षा होते, असा अनुभव एका वर्गाला आला, की पुढच्या वर्गात कोणीही उल्लेख करणार नाही. मजकुरावर थोडा हात फिरवून तो प्रणालीच्या नजरेतून सोडवण्याचे मार्ग उपलब्ध आहेतच. अशा स्थितीत शिक्षा होईल ती केवळ सांगणाऱ्याला. संदर्भनिर्देश ही वाचकावर विश्वास टाकून केलेली कृती आहे, आणि विद्यार्थ्याच्या निबंधाचा पहिला वाचक अध्यापक असतो. तळटीप वाचण्याचे काम त्याने यंत्राकडे सोपवू नये.