पेशीविज्ञानातील पीएच.डी. : पालकांसाठी थोडे

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, त्या काळात तेथीलच एका लहानशा खोलीत थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या वाढवीत होते. पिकल्या केळ्यांभोवती घोंगावणारी आपली चिलटेच ती! त्यांच्या डोळ्यांचे रंग आणि पंखांचे आकार पिढ्यान्‌पिढ्या नोंदवून जनुके गुणसूत्रांवर ओळीने वसलेली असतात, हे त्यांनी दाखवून दिले. जनुकांचा पहिला नकाशा मांडणारा स्टर्टेव्हंट तर तेव्हा पदवीचाच विद्यार्थी होता. त्या खोलीत शिष्य गुरूंशी मोकळेपणाने वाद घालीत. कालामांना तथागतांनी जे सांगितले, ते मानणाऱ्या समाजाला ही रीत परकी वाटू नये.

आजही या विषयातील पीएच.डी. अशाच उमेदवारीतून घडते. पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, हैदराबादचे सीसीएमबी येथे एम.एस्सी.नंतर प्रवेश मिळतो; पुण्याच्या आयसरमध्ये बी.एस्सी.नंतरही एकात्मिक अभ्यासक्रमाचा मार्ग आहे. आरंभी काही विषयांचे अध्ययन, मग एकच प्रश्न आणि चार-पाच वर्षे प्रयोग. समजा, एखादे प्रथिन पेशीत नेमके कोठे असते हे शोधायचे आहे. जेलीफिशमधील हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक त्याच्या जनुकाला जोडून पेशीत सोडतात आणि सूक्ष्मदर्शकातून पाहतात. ऐकायला सोपे, प्रत्यक्षात जोडणी फसते, पेशी मरतात, बुरशी येते. शिवाय दिसलेली चमक त्या प्रथिनाचीच आहे, हे तुलनेच्या प्रयोगांनी सिद्ध करावे लागते. वर्ष सरते, हाती एक आकृती येते. हे अपयश नव्हे, कामाचे स्वरूपच तसे आहे.

“सत्तावीस वर्षांचा झाला, अजून शिकतोच?” या प्रश्नापायी आपल्यातील कितीतरी हुशार मुले-मुली मागे फिरतात. वस्तुतः हे वेतनासारखे मानधन मिळणारे काम आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि बार्टीची अधिछात्रवृत्तीही आहे. मात्र रक्कम कधीकधी महिनोन्‌महिने रखडते. तेवढी तजवीज घरच्यांनी ठेवावी.

सर्वांत जपून करायची गोष्ट म्हणजे मार्गदर्शकाची निवड. पुष्कळ संस्थांत पहिल्या वर्षी दोन-तीन प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम करून मग निवड करता येते. त्या काळात तेथील ज्येष्ठ विद्यार्थ्यांना आधी एवढेच विचारावे : येथून किती जणांची पीएच.डी. पूर्ण झाली, आणि किती वर्षांत?