हेडलाइट मंद? आधी व्होल्ट मोजा

रत्नागिरीहून एका वाचकाने विचारले आहे : गाडी वीस वर्षांची, इंजिन ठणठणीत, पण हेडलाइट इतके मंद की पावसात घाट उतरताना पुढचे वळण दिसत नाही. बल्ब बदलले, फरक पडला नाही. आता १००/९० वॅटचे बल्ब टाकायचा सल्ला मिळतो आहे. टाकावेत का?

टाकू नयेत. कारण एका शाळामास्तराने १८२६ सालीच सांगून ठेवले आहे.

गेओर्ग ओहम हे एर्लांगेनच्या एका कुलूपकाराचे चिरंजीव. कोलोनच्या शाळेत ते गणित आणि भौतिकी शिकवत. त्या काळच्या बॅटऱ्यांचा विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, क्षणाक्षणाला बदलायचा, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचा जोड घेतला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. तापमानातला फरक स्थिर, म्हणून विजेचा दाबही स्थिर! मग २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या सारख्याच जाडीच्या आठ तारा एकेक करून जोडल्या आणि टांगलेली चुंबकसुई किती जोराने वळते ते टिपले. उष्णता कशी वाहते याचे फ्रेंच गणितज्ञ फुरिए यांनी मांडलेले गणित त्यांच्या डोळ्यांसमोर होते. तापमानातल्या फरकाने उष्णता वाहते, तशी दाबातल्या फरकाने वीज.

यातून त्यांचे सूत्र निघाले : प्रवाह म्हणजे दाब भागिले रोध. त्या सूत्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. भागाकारात खाली दोन पदे आहेत : एक तपासायच्या तारेचे, दुसरे उरलेल्या सगळ्या मंडलाचे. म्हणजे प्रवाह किती वाहील हे एकटी तार ठरवत नाही, पूर्ण वाट ठरवते. हे मांडणाऱ्या त्यांच्या १८२७ च्या पुस्तकाला जर्मनीत थंड प्रतिसाद मिळाला, ओहम यांनी नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले ते १८४१ मध्ये, आणि म्युनिकला प्राध्यापकपद मिळाले १८५२ मध्ये, मृत्यूच्या दोनच वर्षे आधी.

आता सूत्रातले ते दुसरे पद, उरलेल्या वाटेचे, गाडीत शोधू. ६०/५५ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण १० अँपिअर ओढतात. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह बॅटरीतून निघून फ्यूज, स्विच, डिपर, कपलर, होल्डर असा फिरत बल्बपर्यंत येतो आणि अर्थिंगच्या स्क्रूवरून बॉडीतून परत जातो. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत हे सांधे गंजतात. सगळ्यांचा मिळून केवळ ०.१ ओहम रोध वाढला, तरी १० अँपिअरला १ व्होल्ट वाटेतच जिरतो.

एका व्होल्टने काय बिघडते? हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या जवळजवळ ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटले की प्रकाश सुमारे ३० टक्के जातो. २० टक्के घटले की निम्म्याहून कमी उरतो. तिथे मोठा बल्ब टाकला तर प्रवाह वाढतो, वाटेतली व्होल्टेजची घट वाढते, आणि सांध्यांवरची उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढून सुमारे अडीच पट होते. होल्डर आणि स्विच वितळतात ते यामुळेच. सरसकट खपवले जाणारे एलईडी बल्बही इथे उपाय नाहीत. जुना रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. उगम बदलला की झोत विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू, हेडलाइट चालू. बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. नसतील तर आधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट पाहा. मग मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी बल्बच्या धन पिनेवर ठेवा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर दोष त्या वाटेत. तसेच ऋण टोक ते बल्बची अर्थ पिन, तिथे ०.२ व्होल्टहून जास्त नको. हे दिवा पेटलेला असतानाच मोजायचे. दिवा बंद करून रोध मोजलात तर काही कळणार नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. एकच दिवा मंद असेल तर त्या बाजूची अर्थिंग आधी घासून घट्ट करा. दोन्ही मंद असतील तर रिले बसवून बॅटरीपासून थेट जाड वायर घ्या, फ्यूजसह. स्विचवरचा भार नाममात्र उरतो. व्होल्ट पुरेसे असूनही उजेड नसेल, तरच काळवंडलेला रिफ्लेक्टर किंवा पिवळी पडलेली प्लास्टिकची काच बदलायचा विचार करा.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये नवा बल्ब हातात आला, की आधी एकच विचारा : बल्बच्या पिनेवर किती व्होल्ट येतात? आकडा मिळेपर्यंत पैसे देऊ नका.