डिस्चार्ज कार्डाचा समासविग्रह

‘मला कसलंच टेन्शन नाही, मग बीपी कुठून आलं?’ हा प्रश्न ऐकला नाही असा फॅमिली डॉक्टर महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. कागदावर ‘हायपरटेन्शन’ लिहिलेलं असतं, आणि मराठीत टेन्शन म्हणजे मुलाची दहावी, घराचा हप्ता, साहेबांचा फोन. साहजिकच अर्थ लावला जातो की फार काळजी करणाऱ्याला जडणारा हा आजार. मग निवांत स्वभावाचा माणूस गोळी टाळतो, आणि काळजीखोर माणूस चार दिवस कोकणात राहून आला की गोळी सोडून देतो.

या शब्दातलं टेन्शन मनातलं नाही, रक्तवाहिन्यांतलं आहे. लॅटिनमध्ये ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणे. वाहिनीच्या भिंतीवर रक्ताचा पडणारा ताण वाजवीपेक्षा जास्त झाला की ते हायपरटेन्शन. वेगवेगळ्या दिवशी दवाखान्यात मोजूनही रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर राहिला, की सहसा हे निदान होतं. मनस्तापाने दाब काही काळ चढतो हे खरं. पण वय, आनुवंशिकता, आहारातलं मीठ आणि वजन यांचा वाटा मोठा असतो. शिवाय बहुतेकांना काहीही जाणवत नाही, त्यामुळे ‘मला तर काही होत नाही’ हा पुरावा कामाचा नाही.

वैद्यकातले लांबलचक शब्द पाठच करावे लागतात, हा यातला सर्वांत जुना गैरसमज. शाळेत समासाचा विग्रह केलेल्या कोणालाही ते सोडवता येतात. बहुतेक शब्दांत मध्ये अवयवाचं नाव असतं, शेवटी त्या अवयवाचं काय झालं किंवा त्यावर काय केलं ते असतं, आणि कधी कधी सुरुवातीला कमी-जास्त, आत-बाहेर सांगणारा उपसर्ग. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. उच्चारात फरक एवढासा, पण हायपोथायरॉइड असलेल्या बाईला जी गोळी रोज घ्यावी लागते तीच हायपरथायरॉइडवाल्या शेजारणीने घेतली, तर तिची आधीच वाढलेली धडधड आणखी वाढेल. ‘दोघींना थायरॉइडच आहे’ या एका वाक्यावर घरोघरी गोळ्यांची देवाणघेवाण चालते.

हे दोन उपसर्ग मराठी माणसाला परके वाटायचं कारण नाही. ग्रीकमधला ‘हायपर’ आणि संस्कृतमधला ‘उपरि’, तसेच ‘हायपो’ आणि ‘उप’, ‘पेरी’ आणि ‘परि’ हे एकाच मुळाचे शब्द आहेत. हृदयाभोवतीच्या पिशवीला पेरिकार्डियम म्हणतात. त्यातला ‘कार्डिया’ हा आपल्या ‘हृद्’चाच भाऊबंद. यकृत आणि ग्रीक ‘हेपार’ यांचंही नातं तेच. मात्र इथून उडी मारून ‘म्हणजे सगळं मेडिकल संस्कृतातूनच गेलं’ असं सांगणारे निरोप मोबाइलवर फिरतात, ते चुकीचे आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका पूर्वज भाषेतून निघालेल्या बहिणी आहेत. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटीपुढे हाच विचार मांडला होता. बहिणींचे चेहरे मिळतेजुळते असतात म्हणून एक दुसरीची आई ठरत नाही.

‘सगळे शब्द लॅटिन’ हाही असाच अर्धवट समज. ढोबळमानाने अवयवांची शास्त्रीय नावं लॅटिन, तर आजार आणि शस्त्रक्रियांची ग्रीक. त्यामुळे एकाच मूत्रपिंडाला दोन नावं मिळाली. लॅटिन ‘रेन’वरून रीनल, ग्रीक ‘नेफ्रोस’वरून नेफ्रॉलॉजिस्ट. रीनल फंक्शन टेस्ट करून नेफ्रॉलॉजिस्टला दाखवा असं सांगितल्यावर ‘किडनीचं तर कोणी काही बोललंच नाही’ म्हणणारे नातेवाईक म्हणूनच भेटतात.

आता ‘आयटिस’. टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस अशी रांग लागली की शेपटीला जंतू चिकटलेले आहेत असं गृहीत धरलं जातं आणि अँटिबायोटिकची मागणी होते. आयटिस म्हणजे दाह. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चार लक्षणं पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने नोंदवून ठेवली आहेत. दाह जंतूंमुळे होतो, तसा वेदनाशामक गोळ्यांमुळे जठराचाही होतो. ॲलर्जिक ऱ्हायनायटिसमध्ये नाकाला परागकण किंवा धूळ पुरते. संधिवाताच्या ऱ्हुमॅटॉइड प्रकारात शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर उठते. हिपॅटायटिस विषाणूंमुळे होतो, दारूमुळे होतो, काही औषधांमुळेही होतो, आणि डोळे पिवळे न होताही असू शकतो; म्हणून ‘हिपॅटायटिस म्हणजे कावीळ’ हे समीकरणही टिकत नाही.

शेपटी तीच ठेवून मधला अवयव बदलला तर किती फरक पडतो, याचं ठळक उदाहरण इंग्लंडच्या राजवाड्यात घडलं. पोटाच्या उजव्या बाजूच्या त्या जीवघेण्या दुखण्याला पूर्वी ‘पेरिटिफ्लायटिस’ म्हणत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या आंधळ्या पिशवीभोवतीचा दाह. १८८६ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झने दाखवून दिलं, की मूळ बिघाड त्या पिशवीला लोंबणाऱ्या शेपटासारख्या अपेंडिक्समध्ये असतो, आणि ‘अपेंडिसायटिस’ हा शब्द सुचवला. डोकं लॅटिन, शेपूट ग्रीक. भाषाशुद्धीवाल्यांना ही खिचडी रुचणारी नव्हती, पण वैद्यकीयदृष्ट्या शब्द अचूक होता. २६ जून १९०२ रोजी सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ठरलेला असताना दोनच दिवस आधी याच दुखण्यामुळे त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. फ्रेडरिक ट्रीव्हजने पू काढून टाकला, राजा वाचला आणि ९ ऑगस्टला मुकुट चढला. लोकांसाठी काढलेल्या पत्रकात आजाराचं नाव मात्र पेरिटिफ्लायटिस असंच होतं. नवा शब्द येऊन सोळा वर्षं झाली होती.

‘ओमा’ची भीती त्याहून मोठी. ओमा म्हणजे गाठ किंवा फुगवटा; ती कर्करोगाची असते असं शब्द सांगत नाही. लायपोमा ही चरबीची निरुपद्रवी गाठ. हिमॅटोमा म्हणजे मार लागून साकळलेलं रक्त. ग्लॉकोमात, म्हणजे काचबिंदूत, तर गाठच नसते. डोळ्याचा निळसर-करडा रंग दर्शवणाऱ्या ग्रीक शब्दावरून ते नाव पडलं. उलट मेलानोमा आणि लिम्फोमा ऐकायला लायपोमाइतकेच साधे वाटतात, पण ते कर्करोग आहेत. कार्सिनोमाही. त्याच्या मुळाशी ‘कार्किनोस’, म्हणजे खेकडा आहे, आणि आपल्या कर्करोगातला कर्कही तोच.

‘पॅथी’ने मराठीत वेगळाच घोळ घातलाय. होमिओपॅथी आणि ॲलोपॅथी हे दोन्ही शब्द होमिओपॅथीचा जनक हानेमान याने रूढ केले, तेव्हापासून आपल्याकडे ‘तुमची कोणती पॅथी?’ म्हणजे उपचाराची कोणती पद्धत. पण मूळ ‘पॅथोस’ म्हणजे पीडा. मधुमेहाच्या रुग्णाच्या कागदावर रेटिनोपॅथी, न्यूरोपॅथी, नेफ्रोपॅथी दिसली तर तो उपचार नसतो. डोळ्याचा पडदा, नसा आणि मूत्रपिंड बिघडत चालल्याची ती नोंद असते.

सर्वांत महाग पडणारा घोळ शस्त्रक्रियांच्या शब्दांत होतो. ग्रीक ‘टोमे’ म्हणजे छेद. सीटी स्कॅनमधला ‘टी’ही त्याच घरचा, टोमोग्राफीचा. ‘ओटॉमी’ म्हणजे चिरून उघडणे, ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून काढून टाकणे, आणि ‘ओस्टॉमी’ म्हणजे नवं तोंड करणे. कोलेक्टॉमीत मोठं आतडं काढतात, कोलोस्टॉमीत त्याचं तोंड पोटावर आणतात. दोन अक्षरांनी माणसाचं पुढचं आयुष्य बदलतं.

यात हिस्टरेक्टॉमी थोडं थांबून वाचावी. ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय, आणि काढलं जातं ते गर्भाशय. बोलताना आपण ‘पिशवी काढली’ म्हणतो आणि त्या पिशवीत नेमकं काय काय गेलं हे बहुतेक बायकांना सांगताच येत नाही. कागदावर ‘टोटल’ असेल तर सगळंच गेलं असं वाटतं. तसं नाही. टोटल म्हणजे गर्भाशय अधिक गर्भाशयमुख. सबटोटल असेल तर मुख राहतं, आणि मुखाच्या कर्करोगाची तपासणी पुढेही करत राहावी लागते. बीजांडकोश काढल्याची नोंद वेगळ्या शब्दाने होते: ‘बायलॅटरल सॅल्पिंगो-ऊफोरेक्टॉमी’. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंचं. ‘साल्पिन्क्स’ म्हणजे तुतारी, त्या आकाराच्या बीजवाहिन्या. ‘ऊफोर’ म्हणजे बीजांडकोश. हा लांब शब्द कार्डावर नसेल तर पाळी थांबली तरी बीजांडकोशांची संप्रेरकं चालू राहतात. तो असेल आणि बाई पस्तिशीची असेल, तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी सुरू झाली. हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि त्यावर उपाय लागतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८० हजारांहून अधिक महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाठीवर मुकादमाची उचल आणि डोक्यावर खाड्याचा दंड असताना अंगावरून पांढरं जाणं किंवा पोटदुखी यावर ‘पिशवी काढा’ हा सल्ला सोपा ठरत होता. त्याला कर्करोगाच्या भीतीची जोड मिळाली की बाई हो म्हणते. सोनोग्राफीत दिसणारी ‘लिओमायोमा’ ही गाठ, म्हणजे नेहमीचं फायब्रॉइड, साधी गाठ असते, आणि ती गुळगुळीत स्नायूची आहे हे तिच्या नावातच लिहिलेलं आहे. पण ते त्या बाईला वाचून कोण दाखवणार? शब्द फोडता आल्याने शोषण थांबत नाही. काय काढलं आणि का, हे विचारायला मात्र ते धरायला जागा देतात.

नावावर किती विसंबायचं, यालाही हद्द आहे. अवयव आणि बिघाडाचा प्रकार नाव सहसा बरोबर सांगतं. कारण सांगायला जातं तेव्हा फसतं. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये ‘वाईट हवा’. कारण हवा नसून डास आहे, याचा पुरावा रोनाल्ड रॉसला १८९७ मध्ये सिकंदराबादला मिळाला, तरी नाव बदललं नाही. हिवताप हे मराठी नाव नुसतं लक्षण सांगतं, म्हणून ते खोटं ठरायची वेळच आली नाही.

डायबेटिस इन्सिपिडसचं प्रकरण अधिक गंभीर. डायबेटिस म्हणजे आरपार वाहून जाणे, इन्सिपिडस म्हणजे बेचव. वैद्य लघवी चाखून पाहत त्या काळचा हा शब्द. या आजारात साखरेचा संबंध नसतो. पाणी धरून ठेवायला लावणाऱ्या आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाची कमतरता असते, किंवा मूत्रपिंड त्याला दाद देत नाही. नावातला पहिला शब्द वाचून रुग्णालयांतही काही रुग्णांना साखरेचे रुग्ण समजलं गेलं आणि त्या संप्रेरकाचं काम करणारं त्यांचं औषध, डेस्मोप्रेसिन, चुकलं. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने म्हणूनच नाव बदलून ‘आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी’ आणि ‘रेझिस्टन्स’ अशी दोन नावं सुचवली. जुन्या फायलींत अजून आधीचंच नाव आहे. ते दिसलं तर चहातली साखर बंद करण्याआधी डेस्मोप्रेसिनचा डोस लागतो का आणि तो चुकलेला नाही ना, एवढं डॉक्टरांना विचारावं.